बाळाला घेऊन या

"बाळ कशाला?" लारासने तो निरोप तिसऱ्यांदा वाचला. "पुरावा म्हणून?"

सासूबाई कढईतून मेंदोआनची भजी निथळवत होत्या. पुर्वोकर्तोच्या बाजारातल्या त्यांच्या गाड्यावरची सकाळची गर्दी नुकतीच ओसरली होती. "मोठ्याने वाच बघू."

"मंगळवारी दहा वाजता उपप्राचार्यांच्या खोलीत. कॉलेजचं जॅकेट घालून. घरचं वडीलधारं माणूस आणि बाळ सोबत."

"म्हणजे चारचौघांत कॉलेजातून काढणार," सासूबाई म्हणाल्या. "अंगावरचं जॅकेट उतरवून घेतील. येते मी. पण तिथे रडायचं नाही. तू रडणार असशील तर मी गाडा बंद करायची नाही."

हे लारासचं चौदावं सत्र होतं आणि कॉलेजच्या नियमाने शेवटचं. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं गेली होती, कापड कारखान्यातल्या पाळ्यांत एक. आता एकच विषय उरला होता, संख्याशास्त्र. दर मंगळवारी एक, असे सोळा तास. चारांहून जास्त चुकले की परीक्षेला बसू देत नसत.

लारासचे नऊ चुकले होते. बाळाच्या, गेंडिसच्या, लसीकरणाच्या वहीत, मागच्या पानावर, तिने एकेक तारीख कारणासकट लिहून ठेवली होती. सवलतीसाठी तीन अर्जही केले होते. एकालाही उत्तर आलं नव्हतं. उत्तर आलं ते हे.

मंगळवारी कॉलेजच्या जिन्यापाशी वेनिंग उभी होती. लारासची बाकावरची शेजारीण. तिच्या खिशाला नेहमीसारखी दोन पेनं होती, एक निळं, एक काळं. तिने आधी बाळाचा गालगुच्चा घेतला.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "आत भांडू नकोस. ते जे म्हणतील त्याला नुसतं हो म्हण."

"हो म्हणू? कॉलेजातून काढतायत आणि मी मान डोलवू?"

"लारास, एकदाच ऐक ना माझं."

"तू हजेरीवर माझी सही वगैरे केली नाहीस ना? मी बजावलं होतं. खोटेपणाने मिळवलेली पदवी मला नको."

"बजावलं होतंस ना? मग झालं तर!" वेनिंग बाळाचं टोपडं सारखं करू लागली. "जा आता. दहा वाजले."

"सरळ बोलायला हिचं काय जातं?" सासूबाई जिना चढता चढता पुटपुटल्या.

खोलीबाहेर कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक माणूस खाऊच्या डब्यांशेजारी बसला होता. आज कुणाचा तरी सत्कार दिसतोय, लारासच्या मनात आलं. एका दाराआड हार आणि त्याच दाराआड हकालपट्टी.

आत उपप्राचार्य हंडोयो होते. संख्याशास्त्र तेच शिकवायचे. वर्गात एकशेवीस मुलं, आणि यांची नजर कायम पडद्यावर. हजेरीचा कागद बाकाबाकांवरून फिरून टेबलावर आला की न बघता घडी घालायचे. त्यांच्या शेजारी राजधानीहून आलेल्या मंत्रालयाच्या दोन बाई वह्या उघडून बसल्या होत्या. टेबलावर निळ्या कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं.

साक्षीदारसुद्धा आणलेत, लारासला वाटलं. तिची कानशिलं तापली.

"या, या," हंडोयो हसून म्हणाले. "आणि हीच का ती छोटी? बसा. तुम्हाला का बोलावलं, कल्पना असेलच..."

"आहे. आणि आधी मी बोलणार, सर."

"अहो, पण..."

"बोलू द्या तिला," वहीवाल्या दोघींपैकी एक बाई म्हणाल्या. "हेच तर ऐकायला आलोय आम्ही. मुलं कशाने टिकतात ते."

"टिकतात?" लारासने वही टेबलावर उघडली. "मी सांगते कशाने गळतात. नऊ तास चुकलेत माझे. मोजून नऊ."

"नऊ?" हंडोयोंचं हसू मावळलं.

"घाबरू नका, कारणं आहेत. चार बाळंतपणात गेले. ही मंगळवारीच झाली, तुमच्या तासालाच. तीन हिच्या तापात. नवरा लांब बाताम बेटावरच्या कारखान्यात, आणि सासूबाईंनी गाडा बंद केला तर चूल कशी पेटायची? दोनदा हिला घेऊन दारापर्यंत आले होते. वर्गात बाळ आणायचं नाही म्हणून शिपायाने परत पाठवलं. या इमारतीत बाळाला पाजायला कोपरा नाही. मी शौचालयात उभी राहून पाजलंय!"

"लारासबाई, जरा थांबता का..." हंडोयोंच्या कपाळावर घाम आला होता.

"तीन अर्ज केले. एखादा तरी वाचलात? मी वर्गात नाही हे तुम्हाला कधी दिसलं तरी का? परीक्षेचं काय करायचं ते करा. पण माझ्याच लेकराला इथे बसवून मला नालायक ठरवू नका."

"आणि जॅकेट पाहिजे असेल तर तेही न्या," सासूबाई म्हणाल्या. "कालच इस्त्री केलंय."

दोन्ही बाई भराभर लिहीत होत्या. त्यातली एक थांबली आणि मान वळवून हंडोयोंकडे बघत राहिली.

लारासचं लक्ष त्या नजरेकडे गेलं. हंडोयोंनी दोन्ही हात निळ्या कापडावर घट्ट दाबून धरले होते.

मांडीवरची गेंडिस पुढे झुकली. कापडाची कड तिच्या मुठीत आली आणि तिने ती मनापासून ओढली.

खाली पितळेची पाटी होती, सोनेरी चौकटीत बसवलेली: 'आदर्श विद्यार्थिनी लारास विदुरी. बाळंतपणातही एकही तास चुकवला नाही. हजेरी, सोळापैकी सोळा.'