बाविसावं खोकं

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं सामान तिच्यामागून महिन्याभराने परदेशातल्या नव्या घरात पोचलं, आणि खोकी मोजताना घोळ झाला. निघताना तिने आपल्या हाताने एकवीस खोकी बांधली होती. इथे बावीस उतरली.

"लोकांचं सामान हरवतं, आपलं वाढलं," नवरा हसला. "तोंड कशाला पाडतेस?"

"अहो, हे अक्षर माझं आहे."

बाविसाव्या खोक्यावर लिहिलं होतं, 'धाकटीचे कपडे.'

त्यांना मुलगी एकच, आठ वर्षांची. इथे आल्यापासून तिने जणू तोंडाला कुलूप लावलं होतं. पोरीला कुणाची तरी सोबत कशी मिळेल, एवढाच घोर आईच्या जिवाला लागला होता.

आत पाच-सहा लहान फ्रॉक होते. टाके आईच्याच हातचे. दोऱ्याच्या टोकाची गाठ ती नेहमी उलटी मारायची, तशीच मारलेली. एका फ्रॉकची दुमड दोनदा सोडलेली होती, तो घालणारी पोर वाढत गेल्यासारखी.

"एखाद्या गिऱ्हाइकाचे..." नवरा म्हणाला आणि खोक्यावरचं अक्षर पुन्हा वाचू लागला.

दुपारी मुलगी शाळेतून आली ती चक्क हसत. आईच्या जिवात जीव आला. पोरीला आत घेऊन ती दार लावायला वळली.

"थांब ना आई, ती बाहेरच आहे," मुलगी म्हणाली. "तिच्या बुटाची गाठ सुटत नाहीये. सकाळी तूच मारलीस ना, उलटी."