कायं पानी

"आमच्या इहिरीत कायं पानी आलं," गोकर्णाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

समोरच्या पडद्यावर साक्ष नोंदवणाऱ्या यंत्राने तिसऱ्यांदा तेच लिहिलं : 'आमच्या विहिरीत काय पाणी आलं?'

"बाई, हा प्रश्न झाला," सुनावणी घेणारे कर्णिक साहेब म्हणाले. "यंत्राला कळलं तरच ती साक्ष, असा नियम आहे. एकदाच 'काळं' म्हणा ना. एका अक्षराचं तर काम आहे."

रंगाच्या कारखान्याचा मॅनेजर खुर्चीत रेलून हसला.

"नाई म्हनत," गोकर्णाबाई म्हणाल्या. "पानी म्या पाह्यलं, यानं नाई. माह्या मायनं मले कायंच म्हनाले शिकवलं. इहीर नासवली, आता जीभबी नासवता काय?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. गावातल्या सगळ्या बाया उठल्या. एकेक जण माइकपाशी आली आणि तेच वाक्य ठणकावून बोलली. पडद्यावर बेचाळीस प्रश्न जमा झाले.

वैतागून कर्णिक साहेबांनी सुनावणी संपवायचं बटण दाबलं. यंत्र मात्र संपायला तयार नव्हतं.

"बेचाळीस प्रश्न अनुत्तरित आहेत," ते म्हणालं. "उत्तर नोंदवल्याशिवाय सुनावणी बंद होणार नाही."

मॅनेजरच्या माइकवरचा लाल दिवा लागला.

"विहिरीत काय पाणी आलं?" यंत्राने त्याला विचारलं.

मॅनेजरचं हसू मावळलं. गोकर्णाबाई खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या.

"सांगा साहेब," त्या म्हणाल्या. "अन् नीट सांगा. त्याले फक्त शुद्धच समजते."