युतोंगचा उतारा

"चौथा प्रश्न पुन्हा चुकला," मालिनीबाई म्हणाल्या. "उतारा वाचलास, का नुसता चाळलास?"

लॅपटॉपच्या पडद्यावर युतोंगने जीभ चावली. तिकडे चीनमध्ये, तिच्या चेंगदूत दुपारचे चार वाजले होते, इथे हॉलंडमधल्या झूटरमेरमध्ये सकाळचे दहा. पोरगी नववीत. जूनच्या मध्यावर मोठी परीक्षा, आणि इंग्रजी उताऱ्यांवरच्या प्रश्नांत तिचे हमखास मार्क जायचे. तिची मावशी नीरजाच्या ऑफिसात होती. "माझ्या आईने सांगलीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय," असं नीरजा मावशीपाशी सहज बोलून गेली आणि रविवारचा तास ठरला.

"प्रश्नातला शब्द उताऱ्यात दिसला, की तू तीच ओळ उत्तर म्हणून ठोकून देतेस," मालिनीबाई इंग्रजीत समजावत होत्या. "म्हातारा रोज स्टेशनवर का जायचा, हे इथे कुठेच लिहिलेलं नाही. माणसं सगळं लिहीत नाहीत, बोलतही नाहीत. ते आपण ओळखायचं."

हे त्या इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईंच्या नजरेतून काही सुटणं शक्य नाही.

तास संपला तशी नीरजा गोळ्या आणि पाणी घेऊन आली. मागच्या वर्षी मालिनीबाईंना स्टेंट बसवल्यापासून गोळ्यांचा डबा नीरजाने स्वतःच्या ताब्यात ठेवला होता. तिला आठवा महिना लागला होता. एक हात कमरेवर, डोळे लाल.

"रडलीस का गं?"

"छे! ॲलर्जी. या दिवसांत इथे गवताचे पराग उडतात ना." तिने ग्लास पुढे केला. "आणि हो, दादाचा मेसेज आला. बाबांनी आज थोडी पेज घेतली."

"हो का? बरं झालं," मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी गोळी गिळली.

नीरजाच्या बाबांना, जयप्रकाशरावांना जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते.

सांगलीच्या हॉस्पिटलमधून अंबरीशने थेट आईलाच फोन केला होता. मालिनीबाई बाथरूममध्ये गेल्या, नळ पूर्ण सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून उभ्या राहिल्या. तीन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे आलेल्या त्या कोरोनामुळे सव्वा वर्ष अडकल्या होत्या, आणि विमानांचं अजूनही काही खरं नव्हतं. बाहेर येण्याआधी त्यांनी अंबरीशला एकच गोष्ट बजावली. बाळ होईपर्यंत नीरजाला कळता कामा नये. तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. सायकलवरून तपासायला येणाऱ्या सुईणीने दोनदा सांगितलं होतं, हिला कसलाही ताण नको.

पोरीचं आणि बाळाचं काही बरंवाईट झालं तर? पुढचा विचार करायची त्यांची छाती नव्हती.

अंबरीश बिचारा दिलेला शब्द पाळत होता. गृहपाठाबद्दलसुद्धा ज्याला कधी धड थाप मारता आली नाही, तो आता रोज बहिणीला मेसेज करायचा. आज ऑक्सिजन कमी केला, आज पेज घेतली. नीरजा ते वाचून आईला सांगायची आणि आई मान डोलवायची. रोज सकाळी मालिनीबाई आरशासमोर उभ्या राहून टिकली लावत. गळ्यात मंगळसूत्र होतंच. त्या टिकलीपाशी हात अडायचा, पण लेकीच्या डोळ्यांना काही वेगळं दिसायला नको.

"बाबा घरी आले की बाळाचं नाव त्यांनाच विचारू," एकदा जेवताना त्या म्हणाल्या. नीरजाने घास ताटात ठेवला.

"कपडे वाळलेत का बघून येते," ती म्हणाली आणि बाल्कनीत गेली. बराच वेळ आली नाही. वरण गार झालं म्हणून मालिनीबाईंनी ते पुन्हा गरम केलं.

युतोंगची परीक्षा झाली. त्यानंतरच्या रविवारी शेवटचा तास होता. इंग्रजीचा पेपर चांगला गेला होता, तरी पोरगी गप्प होती.

"काय झालं, बाळा?"

"टीचर, माझी आजी गेली. मे महिन्यातच. परीक्षा संपल्यावर मला सांगितलं. आमच्याकडे असंच करतात, मुलांच्या अभ्यासात खंड नको म्हणून."

"आईने तुझ्या भल्यासाठीच केलं ना?" मालिनीबाई म्हणाल्या. हे आपण नक्की कुणाला सांगतोय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. "किती जड गेलं असेल तिला."

"हो. ती रोज भाजीबाजारात जाऊन रडायची. घरात रडता येत नव्हतं, मी असायची ना. मला माहीत असतं, तर आम्ही दोघी एकत्र रडलो असतो."

स्वयंपाकघरात नीरजा भांडी लावत होती. मालिनीबाईंनी तिकडे पाहिलं. सांगावं का तिला? आजच? मग त्यांनी मन घट्ट केलं. अवघे तीन आठवडे राहिले होते. इतके दिवस निभावलं, आता तोंड उघडायचं नाही.

"बरं, मागच्या वेळी काय ठरलं होतं?" त्या मुद्दाम उत्साहाने म्हणाल्या. "आज तू उतारा लिहून आणणार आणि मी उत्तरं देणार. आणलास?"

"आणलाय." युतोंग जरा घुटमळली. "पाठवते. पण टीचर, मोठ्याने वाचू नका."

मालिनीबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. उतारा छोटासाच होता. इंग्रजी साधं, व्याकरण बिनचूक.

'एक शिक्षिका परदेशात आपल्या मुलीच्या घरी राहते. शिक्षिकेचे पती मे महिन्यात वारले. मुलीने ते त्यांच्या गावातल्या कुणाच्या तरी फेसबुकवर वाचले. दर रविवारी तासाच्या आधी ती मला लिहिते, आईला बाबांबद्दल काही विचारू नकोस. तिचं हृदय नाजूक आहे आणि तिला अजून काहीच माहीत नाही. प्रश्न पहिला : ही मुलगी रडायला कुठे जात असेल?'