ओळखीचे चेहरे

"कार्ड खराब नाही हो काका, भरलंय नुसतं," दुकानदार म्हणाला.

किल्लीवाल्या काकांना ओशाळल्यासारखं न वाटता उलट बरंच वाटलं. उभा जन्म कुलुपं दुरुस्त करण्यात गेलेला. बिघडलेली वस्तू आधी उघडून बघायची, मगच नवी घ्यायची, ही त्यांची जुनी खोड. सकाळपासून बैठकीतला कॅमेरा बाईच्या आवाजात 'मेमरी कार्ड तपासा, मेमरी कार्ड तपासा' अशी कटकट करत होता. मुलगा-सून कामावर गेलेले. तेव्हा स्टुलावर चढून काकांनी ते नखाएवढं कार्ड काढलं, रुमालात गुंडाळलं आणि थेट दुकान गाठलं. संध्याकाळी पोरगा घरी येईल तर काम झालेलं असेल, असा साधा हिशेब.

दुकानदारानं आकड्यांना लटकवलेल्या पाकिटांतून दोन-तीन खाली काढली. "हे लहान पडतंय, पुसलं तरी पुन्हा भरेल. नवं कॅमेऱ्याचंच घ्या. फोनचं साधं कार्ड यात दमतं, सारखं लिहायचं नि पुसायचं असतं ना. आता मोठं देऊ का मध्यम, ते रेकॉर्डिंग किती होतं त्यावर आहे."

"आमच्याकडे कोण मरायला येतंय? दिवसभर मी आणि कामाच्या मावशी. एवढं भरलं कशानं, तेच बघा जरा."

दुकानदारानं जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि पडदा काकांकडे वळवला.

काका पेपर घेऊन बैठकीत येतात. काका कुंडीला पाणी घालतात. काका खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत. काका चष्मा शोधतात, तो कपाळावरच आहे.

"हिरो तुम्हीच की!" दुकानदार हसला. काकाही हसले. "एवढं शूटिंग झालं, पण चहासुद्धा नाही पाजला कुणी!"

मग त्यांच्या लक्षात आलं. "आणि मावशी कुठायत? सकाळभर त्याच खोलीत असतात त्या."

एका चित्रात मावशी मागे केर काढताना दिसल्या. पण काका आत गेले आणि चित्र संपलं. मावशींचा झाडू तसाच अर्धवट राहिला.

"त्या ओळखीच्या असतील," दुकानदार सवयीनं सांगत गेला. "यात घरच्यांचे चेहरे भरून ठेवता येतात. ती माणसं फिरली तर हा गप्प बसतो, कार्ड वाचतं. परका चेहरा दिसला की लाल दिवा लुकलुकतो आणि रेकॉर्डिंग..."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तो उगाच पाकिटं सरळ करू लागला.

"माझाही फोटो घेतला होता," काका म्हणाले. कॅमेरा बसवला त्या दिवशी मुलानं सगळ्यांना एकेक करून खुर्चीत बसवलं होतं. काकांनी तर इस्त्रीचा शर्ट चढवला होता. 'बाबा, डावीकडे बघा. आता उजवीकडे. आता समोर. झालं! आता तो तुम्हाला कधी विसरायचा नाही.'

"मग नंतर चुकून निघाला असेल," दुकानदार म्हणाला.

चुकून. गेल्या महिन्यात सुनेची सोन्याची साखळी कपाटातून गेली होती. घर पालथं घातलं, पण सापडली नाही. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. मावशींवर बालंट येईल म्हणून काकाच मध्ये पडले होते. सून म्हणाली होती, "छे हो बाबा, मावशींवर संशय नाहीच आमचा." किती कौतुक वाटलं होतं काकांना! शेजारी जाऊन सांगून आले होते, आमची सून मनानं फार मोठी.

कुलूप जसंच्या तसं ठेवून कपाट उघडणारा हात त्या घरात एकच होता. लहानपणी मुलगा त्याच हाताच्या बढाया मित्रांना सांगत हिंडायचा.

काकांनी मुलाला फोन लावला. "अरे, कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं म्हणून दुकानात आलोय. हे म्हणतात, ओळखीच्यांत माझा चेहरा नाही."

पलीकडची टाइपिंगची टकटक थांबली.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्हाला दुकानात जायला कुणी सांगितलं?"

काकांनी फोन बंद केला. त्यानं नुसतं 'चुकून झालं' म्हटलं असतं, तरी त्यांनी खरं मानलं असतं. तोंडावर विचारलं असतं तर एक कानफटात ठेवून दिली असती आणि विषय तिथंच मिटला असता. पोटच्या पोरानं विचारलंसुद्धा नाही. रोज समोर बसून जेवला आणि वरून बघत राहिला.

"काका, मग... मध्यम देऊ?"

"मोठं द्या. असेल त्यातलं सगळ्यात मोठं."

घरी येऊन ते पुन्हा स्टुलावर चढले आणि कार्ड बसवलं. आयुष्यभर किल्ल्या घासलेले हात, पण आज खाच सापडेना. "काका, उतरा खाली, पडाल!" मावशी झाडू टाकून स्टूल धरायला आल्या.

काका उतरले. आत गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आले आणि कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"हा बघा, तुम्ही आलात की लगेच लुकलुकतो," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "माझ्याकडे ढुंकून बघत नाही मेला."

काकांनी डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग समोर.

लाल दिवा लुकलुकत राहिला.