तारखेची सोबत

"भाभी, चला लवकर. जीप भरली तर बसाल ताटकळत," बाळाराम अंगणातूनच म्हणाला.

जुलेखा डबा पिशवीत कोंबत होती. अजून सहाही वाजले नव्हते. कोर्ट अकराला भरतं, पण तारखेच्या दिवशी बाळाराम पहिलीच जीप धरायचा. जीपनं मुरबाड, तिथून एसटीनं कल्याण. नऊच्या आत दोघं कोर्टाच्या फाटकाशी. एवढ्या पहाटे कशाला, असं जुलेखानं एकदा विचारलं होतं. "एसटीचा काय भरवसा," तो म्हणाला होता. ते खरंच होतं. एसटीवर भरवसा ठेवणारा माणूस मुरबाड तालुक्यात शोधून सापडायचा नाही.

तिच्या नवऱ्याला, मुनाफला, तुरुंगात जाऊन एक वर्ष नि पाच महिने झाले होते. गुन्हा काय, तर वाडीतल्या पाच मुसलमान घरांतल्या पोरांना तो ओटीवर बसवून अरबी शिकवायचा, आणि तीन दिवस धर्मप्रचाराला निघालेल्या जमातीबरोबर भिवंडीकडे जाऊन आला होता. एका दुपारी पोलिसांचं पथक आलं. त्याला आधी गाडीत घातलं, झडती मागून घेतली. जुलेखा तेव्हा शहापूरला माहेरी होती. परत आली तर दाराला सील, आणि कागदावर लिहिलेलं, मुलांना भडकवणारी पुस्तकं मिळाली. घरात पोरांच्या अंकलिप्या होत्या, नि एक वही, रोज्यात कुणाच्या घरून इफ्तारीला काय येणार त्याची. आता याला काय म्हणावं? जुलेखानं काही म्हणायचं कधीच सोडून दिलं होतं.

जीप चढाला लागली तेव्हा रस्त्याच्या कडेनं स्नेहल पळताना दिसली. बाळारामची मुलगी. पोलीस भरतीत तिचं नाव लागलं होतं, तरी पळणं चालूच.

"मागच्या महिन्यात तुमच्याकडं पोलिसांची जीप आलेली म्हने," जुलेखा म्हणाली. "माझी लहानी पोर सांगत होती. मला पुन्हा धस्स झालं."

"स्नेहलची चौकशी. नोकरीत घेण्याआधी घरची मानसं कशी हायत ते बघतात."

"चांगलीच हायत की."

बाळारामनं जीपवाल्यापुढं दोघांचं भाडं धरलं.

कल्याणला पोचल्यावर तो नेहमीसारखा फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर बसला. आत तो कधीच यायचा नाही. आत त्याला गुदमरायचं म्हणे. जुलेखाला त्याचं काही वाटत नसे. सख्खे दीर पहिल्या तारखेनंतर फिरकले नव्हते, आणि हा शेजारी कामधाम टाकून दर वेळी येतो, आपल्या पैशानं तिकीट काढतो. दोन्ही घरांची लावणी पहिल्यापासून एकमेकांच्या हातांनी व्हायची, पण म्हणून कोण एवढं करतं?

"फोन लागतो ना तुमचा? बोलावलं तर येईन," ती म्हणाली.

"फोन घरीच राहिला. मी हितंच हाय."

आत मुनाफ पाच मिनिटं भेटला. दाढी पांढरी झाली होती. त्यानं पोरांचं विचारलं, शेळीचं विचारलं, मग म्हणाला, "बाळाराम आलाय का? त्याला सलाम सांग. गुडघा कसा हाय विचार. त्याला मीठ लावून शेकायला सांगितलेलं, करतो का?"

"करत असंल."

मग पुकारा झाला. आज साक्षीदार क्रमांक दोनची साक्ष होती. झडतीच्या वेळी दोन पंच होते. एक बाहेरगावचा, तो वारला. उरला हा. त्याचं नाव कोर्टानं गुप्त ठेवलं होतं, वकिलाच्या कागदावर तिथं काळी पट्टी मारलेली होती. कोर्टातल्या हवालदारानं बाहेर जाऊन फोन लावला, परत आला आणि सांगितलं, "साहेब, सकाळी माणूस समन्स घेऊन गेला होता. साक्षीदार घरी मिळून आला नाही."

ही सहावी वेळ. साहेबांनी सव्वीस तारीख दिली. जामीन साक्षीनंतर बघू, म्हणाले.

जुलेखाला रडू आलं नाही. पहिल्या दोन वेळा आलं होतं.

वकील दर्शना तिच्याबरोबर रसवंतीपर्यंत आली. बाळाराम उठून उभा राहिला.

"सगळं त्या एका माणसावर अडलंय," दर्शना म्हणाली. "माझी खात्री आहे, सही कोऱ्या कागदावर घेतलीय. त्यानं एकदा उभं राहून तेवढं सांगितलं, तर मुनाफभाई महिन्याभरात घरी."

"आनि आलाच नाय तर?" बाळारामनं विचारलं.

"तर हे असंच चालणार."

एसटीत जुलेखानं डबा उघडला. त्याला भाकरी दिली.

"आपल्या वाडीतला नसंल तो," ती म्हणाली. "आपल्यातला मानूस असं करील का?"

"नाय."

"पोरांच्या बापानं सलाम सांगितलाय तुमाला. गुडघ्याला मीठ लावून शेकता का, विचारत होता."

बाळारामनं भाकरी हातात तशीच धरली. मुरबाड आलं तेव्हा त्यानं ती फडक्यात गुंडाळून खिशात ठेवली.

दिवेलागणीला दोघं वाडीत पोचले. जुलेखा आपल्या दाराशी थांबली. "सव्वीसला याल ना, भाऊ? तुमी नसता तर मी एकटीनं काय केलं असतं?"

"येईन. पहिली जीप."

बाळारामच्या घरात गिरजानं नवऱ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. स्नेहल मागच्या पडवीत बूट धूत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून गिरजा खाली बसली आणि हळू बोलली.

"आज पुन्हा आलेले. साडेनवाला. मी नेमीचंच सांगितलं, सकाळधरनं घरात नायत, कुठं गेलेत ठाव नाय. मग त्यांनी लिवलं, साक्षीदार घरी मिळून आला नाय, नि खाली माझा अंगठा घेतला."