सात दिवसांत कार्यवाही

“दोन वर्षांत तुम्ही हा मेलबॉक्स एकदाही उघडला नाही, साहेब. एकदाही नाही. इथं माझ्यासमोर दिसतंय.”

फोनवरचे साहेब चिडले नाहीत. “मॅडम, उघडायला माणूस कुठंय आमच्याकडं? तुम्ही फक्त जुने मेल उडवा. बॉक्स फुल्ल झाला म्हणून लोकांचे मेल परत जायला लागलेत. मेल परत गेला की माणूस कागद घेऊन ऑफिसात येतो. तेवढं थांबवा.”

“चार हजार तीनशे तक्रारी आहेत. सगळ्या टँकरच्या. एकही वाचलेली नाही.”

“म्हणून तर उडवा म्हणतोय.” साहेबांनी फोन ठेवला.

संभाजीनगरातल्या कॅनॉट भागात, दुसऱ्या मजल्यावर सावनीचं ऑफिस होतं. लोकांच्या वेबसाइट तिच्या सर्व्हरवर राहायच्या आणि त्यांचे ईमेल पत्ते ती काढून द्यायची. साहेबांच्या सरकारी पाणीपुरवठा ऑफिसचे पत्तेही तिनंच काढले होते. त्या सकाळीच तिनं वाळूज रोडवरच्या एका नव्या टाउनशिपला पाच पत्ते दिले. जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. बिल्डरच्या ऑफिसनं पहिला मेल चार मिनिटांत वाचला. कोण कधी आत आलं, ते सगळं तिला दिसायचं. टँकरच्या बॉक्सपुढं, शेवटचं कधी उघडला त्या रकान्यात, नुसती आडवी रेघ होती.

समोर मुंजाबा बसले होते. सिल्लोडच्या पुढं डोंगराच्या अंगाला धनगरांची चौदा घरांची वस्ती आहे, तिथून तीन गाड्या बदलून आले होते. शेवटचा मेल परत आल्यावर त्यांच्या नातीनं, सृष्टीनं, सरकारी वेबसाइट पार तळापर्यंत पाहिली. तळाशी ‘निर्मिती व देखभाल’ म्हणून सावनीच्या ऑफिसचा पत्ता होता. देखभाल करणाऱ्याला विचारावं, एवढंच तिला सुचलं.

“सायबाशी लई जोरात बोलल्या बाई,” म्हातारे म्हणाले. “आमाला नाय जमत असं.”

सावनीला बरं वाटलं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती उघडली नाही. “गाडीत लागंल,” म्हणून पिशवीत ठेवली आणि पिशवीतून कागद काढले. अकरा कागद. प्रत्येकाला लॅमिनेशन केलेलं. प्रत्येकावर त्याच दोन ओळी, तारखा तेवढ्या निराळ्या. ‘आपली तक्रार प्राप्त झाली आहे. सात दिवसांत कार्यवाही होईल.’

“सरकारी कागद हाय. भिजून खराब नको म्हणून पोरीनं हे करून आणलं. आता पाण्यानं तर भिजत नाय, पण घामाचं सांगता येत नाय.”

“बाबा, हे साहेबांनी लिहिलेलं नाही. मेल आला की यंत्र आपोआप पाठवतं.”

“व्हय, सृष्टी बी तेच म्हणली. पण आमची म्हातारी म्हणली, यंत्राला काय ठावं सात दिस? कुणीतरी शिकल्यालं माणूस बसलं असंल, इचार केला असंल, मग लिवलं असंल.”

दरवर्षी संक्रांत झाली की वस्ती मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरायची. तिथले बागायतदार खतासाठी आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात चारापाणी मिळायचं. यंदा आसपासच्या वस्त्यांवरचे भाऊबंद निघाले आणि ही चौदा घरं थांबली. डोंगराला थोडा चारा होता. पाण्याचीच काय ती अडचण होती, आणि त्याच आठवड्यात पहिलं उत्तर आलं. सात दिवस म्हणजे किती? तेवढे निघतील. टँकर आला नाही. सृष्टीनं पुन्हा मेल केला, पुन्हा सात दिवस मिळाले. असे अकरा आठवडे गेले. दोनशे मेंढरांतली ऐंशी उरली. गोदाकाठच्या वावरांत आता नांगर फिरला होता, मेंढरं बसवून घ्यायचे दिवस सरले होते.

“यांच्यावर केस करा, बाबा,” सावनी म्हणाली. “दोन वर्षं बॉक्स उघडला नाही, हे मी लिहून देते. साक्षीला येते.”

“साक्ष घेऊन काय मेंढराला पाजू? हे सात दिस लिवणारा कोण, तेवढं दावा. तुमच्या त्या डब्ब्यात नाव असंल ना?”

दाखवायचंच म्हणून सावनीनं ते पान उघडलं. आपोआप जाणारं उत्तर. दोन वर्षांपूर्वीची तारीख. तयार करणाऱ्याचं नाव: सावनी.

साहेब तेव्हा म्हणाले होते, काहीतरी बरं वाटेल असं टाका, मॅडम. उत्तराची चौकट रिकामी ठेवली तर पान पुढं जात नव्हतं. जेवणाची सुट्टी व्हायची होती. तिनं दोन ओळी टाकल्या. किती दिवस, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. तीन कमी वाटले होते. पंधरा जास्त वाटले होते.

मुंजाबांना वाचता येत नव्हतं. ती कुणाचंही नाव सांगू शकली असती.

“मी लिहिलंय, बाबा,” ती म्हणाली.

म्हातारे रागावले नाहीत. त्यांनी अकरा कागद नीट जुळवून तिच्यापुढं ठेवले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“मंग बरं झालं. एकदाचं माणूस घावलं. ऐंशी मेंढरं हाईत, बाया-पोरं हाईत. गोदाकाठ चार दिसांची वाट, अन् वर हे ऊन. तुमी थांबा म्हणल्या म्हणून थांबलो. आता बी तुमीच सांगा बाई. निघू का थांबू?”