एक घ्या, एक ठेवा

"अगं, तुझं ओळखपत्र कुठंय?" सकाळी दप्तर उलटं करत मी विचारलं.

"टेकडीवरच्या डब्यात ठेवलं," शाल्मली म्हणाली. "त्यातलं कापडी अस्वल घेतलं ना मी! एक घेतलं की एक ठेवायचं. तूच सांगितलंस."

जिओकॅशिंगचा, म्हणजे लपवलेले डबे शोधायच्या खेळाचा, नियमच तो. शनिवारी शाळा सुटल्यावर मोबाइलच्या नकाशावरून टेकडीवर लपवलेला डबा आम्ही दोघी मायलेकींनी शोधला होता. ओळखपत्रावर तिचा फोटो, घराचा पत्ता, माझा नंबर. पूर्वी हे डबे शोधणारे आम्ही मोजकेच, एकमेकांना ओळखणारे. आता कोण येतं, कोण जाणे.

डबा लपवणाऱ्या बेडेकरकाकांना फोन लावला.

"कार्ड कालच काढून आणलंय मी," ते म्हणाले. "बरं झालं, काका," मी म्हणाले. काका घुटमळले. "तुला कसं सांगावं कळेना. माझ्याआधी रील करणारी पोरं येऊन गेली. डब्यातली एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरलीय त्यांनी. डबा कायमचा उचललाय मी, पोरी."

काकांनी पाठवलेली रील लावली. हसण्याचे आवाज, आणि अगदी जवळून कार्ड. पत्ता स्पष्ट वाचता येत होता. बघणारे अकरा हजार.

"आई, मग अस्वल कुठे परत ठेवायचं?"

तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला असणार, त्याचीच वेळ. शाल्मली रोजच्यासारखी दार उघडायला धावली. मी तिचा दंड इतका घट्ट धरला, की ती रडायला लागली.